ट्रेकमध्ये मांड्या, जांघा, कंबर काचणे : आधी काय करावं आणि सोलवटल्यावर काय करावं

पायवाट

बूट, सॅक, गुडघे, पाणी यांवर आपण भरभरून बोलतो. मांड्या घासून जांघेतली कातडी सोलवटते त्यावर मात्र सगळे गप्प असतात, आणि ज्याचं त्याला एकट्याने सोसावं लागतं. म्हणून हा धागा.

माझ्या बाबतीत एका दिवसाच्या चालीत काही होत नाही. सलग चालीत मात्र दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मांडीच्या वरच्या, आतल्या बाजूला चुरचुर सुरू होते. मुक्कामाला पोचेपर्यंत पाय फाकून चालायची वेळ येते आणि रात्री तिथे पाणी लागलं की जीव कळवळतो. आता आठवडाभराची चाल ठरली आहे, हवा दमट असणार, पाठीवर पूर्ण सॅक. कपडे कोणते घालावेत, आधी काय लावावं, आणि तरीही सोलवटलंच तर पुढचे दिवस कसे काढावेत? ज्यांनी सोसलंय त्यांनी तपशिलात लिहा. इथे लाजायचं काही कारण नाही.

डोंगरमाथा

पेट्रोलियम जेली. सकाळी कपडे चढवण्याआधी सढळ हाताने, दुपारी परत एकदा.

कातळकडा

जेली बरोबरच आहे, पण आत नेमकं काय घडतं ते कळलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचण्यामागे घासणं, ओल आणि मीठ अशा तिन्ही गोष्टी असतात. पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर किलोमीटरला तेराशेच्या वर पावलं पडतात, २० किलोमीटरला २६ हजारांवर. प्रत्येक पावलाला मांडी मांडीवर किंवा शिवणीवर घासली जाते. कोरडी कातडी हे बऱ्यापैकी सहन करते. घाम आला की कातडीचा वरचा थर पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि जास्त अडकायला लागतो. १९५५ साली नेलर या संशोधकांनी त्वचेच्या घर्षणावर प्रयोग केले होते, त्यातही ओलसर कातडीचं घर्षण कोरडीपेक्षा जास्त भरलं होतं.

मग घाम वाळतो आणि मीठ मागे राहतं. संध्याकाळी चड्डीच्या इलॅस्टिकवर पांढऱ्या रेघा दिसतात, तेच मीठ जांघेतल्या कातडीवरही असतं. हात फिरवला तर बारीक खरखर बोटाला लागते. दुसऱ्या दिवशी तीच वाळून कडक झालेली चड्डी, आदल्या दिवशी हुळहुळी झालेल्या कातडीवर, परत दिवसभर फिरते. पायवाट, तुमचा त्रास दुसऱ्याच दिवशी का सुरू होतो त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.

त्यामुळे माझा सगळा भर संध्याकाळच्या पुसण्या-धुण्यावर असतो. मुक्कामाला पोचल्यावर अंग गार पडायच्या आत ओल्या फडक्याने जांघा, काखा, कंबर आणि नितंबांमधली फट पुसून काढायची. फडकं खळबळून, पिळून आणखी एकदा. मोठा पेलाभर पाणी पुरतं. मग टिपून कोरडं करायचं आणि रात्रीला वेगळी, सैल, कोरडी चड्डी. दिवसाची चड्डी साध्या पाण्यातून काढून पिळायची आणि वाळत टाकायची. सकाळपर्यंत नाही वाळली तर सॅकला बाहेरून अडकवायची आणि दुसरी घालायची. दोन चड्ड्या आळीपाळीने वापरल्या की आठवडा निघतो.

धुणं ओढ्यात मात्र करू नका. पाणी भांड्यात घेऊन ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जा. साबण वापरला नाही तरी अंगाला लावलेलं मलम त्या पाण्यात उतरतं आणि खाली तेच पाणी कोणीतरी पिणार असतं.

मोकळं_रान

कातळकडांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी कपड्यांबद्दल भर घालतो.

मांडीला मांडी लागत असेल तर मध्ये काहीतरी घट्ट बसणारं हवंच. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी लांब पायांची चड्डी किंवा सायकलिंग शॉर्टसारखी पातळ, ताणणारी शॉर्ट. घासायचं ते कापडाने कापडाला घासावं, कातडीला धक्का लागू नये. आखूड, सैल पायांची चड्डी वर सरकते, तिची गुंडाळी नेमकी जांघेत जाऊन बसते आणि मग ती गुंडाळीच काचते.

विकत घेताना चड्डी उलटी करून बघा. आसनात चार शिवणी एका ठिकाणी मिळत असतील तर तिथे जाड गाठ होते, तिला हात लावला की समजतं. त्याऐवजी आसनात कळी, म्हणजे कापडाचा वेगळा तुकडा, घातलेली असली तर शिवणी बाजूला सरकतात. शिवण सपाट असावी, आतल्या बाजूने नखाला अडकू नये. कंबरेचं लेबल कापून टाका, तेही अगदी मुळापासून, कारण अर्धवट कापलेल्या लेबलाची कडा जास्त टोचते.

सुती कापड नको. ते घाम पितं आणि धरून ठेवतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच पाणी शोषत नाही, म्हणून लवकर वाळतो. मेरिनो लोकर ओल शोषते, पण ओली असतानाही कातडीला तितकी गिचगिचीत लागत नाही आणि वासही कमी धरते. तिची अडचण एवढीच की मांड्यांमध्ये ती लवकर विरते.

एक नक्की करा : नवी चड्डी थेट मोठ्या चालीला नेऊ नका. भरलेली सॅक घेऊन घामाघूम होईपर्यंत एकदा तरी चालून बघा. बऱ्याच शिवणी कोरड्या असताना गप्प असतात.

आडवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. शत्रू ओल असेल तर कोरडं ठेवायला नको का? मी टाल्कम पावडर वापरतो आणि मला जेलीचा चिकटपणा अजिबात सहन होत नाही. जेली लावली की कपडा अंगाला चिकटतो, धूळ बसते, डाग पडतात.

कातळकडा

आडवाट, थंड कोरड्या हवेत पावडर चालते हे मान्य. घाम कमी येणाऱ्यांचं तिच्यावर भागतंही. पण जोरात घाम सुटला की पावडरीच्या गुठळ्या होतात आणि त्या घडीत बसून स्वतःच घासायला लागतात. दमट हवेत ते तासाभरात होऊ शकतं. पायवाट यांनी दमट हवा म्हटलंय, म्हणून मी त्यांना स्निग्ध थरच सांगेन.

चिकटपणा नको असेल तर डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन असलेली जेल किंवा कांडी बघा. ती हाताला कोरडी, गुळगुळीत लागते आणि कपड्यावर डाग कमी पाडते. लहान मुलांच्या लंगोटाखालच्या पुरळासाठी मिळतं ते झिंक ऑक्साइडचं घट्ट पांढरं मलमही उत्तम. ते पाण्याने सहजासहजी निघत नाही आणि हुळहुळ्या कातडीवर झोंबतही नाही. कपडे पांढरे होतात, त्याची तयारी ठेवा.

थर कुठलाही असो, तो कायमचा नसतो. घामाने आणि कापडाने तो पुसला जातो. दर दोन-तीन तासांनी, नाहीतर प्रत्येक मोठ्या विश्रांतीला, नव्याने लावा. आधी मीठ पुसून मग लावा. मिठावर मलम चोपडलं तर मीठ कातडीवर तसंच अडकून राहतं.

निशिगंध

बायकांच्या बाजूने लिहिते, कारण आमच्या काही जागा वेगळ्या असतात.

स्तनांखालची घडी आणि ब्राचा खालचा पट्टा. तिथे घाम साचतो, वारा लागत नाही आणि वरून सॅकचा छातीचा पट्टा दाबतो. रुंद, मऊ पट्ट्याची, हुक नसलेली ब्रा घ्या आणि निघण्याआधी पट्ट्याच्या रेषेवर स्निग्ध थर द्या. पट्टा सैल असला तर वरखाली सरकून जास्त काचतो, त्यामुळे मापात बसणारी हवी. खांद्यावर ब्राचा पट्टा आणि सॅकचा पट्टा एकावर एक येत असतील तर पाठीवर फुलीसारखे जाणारे पट्टे घेऊन बघा.

पाळीत पॅडच्या कडा जांघेत घासतात. चालताना पॅड सरकतं, पंखांची प्लास्टिकची कड टोचते आणि ओलावा सतत राहतो. ज्यांना जमतं त्यांना मेन्स्ट्रुअल कपने फार फरक पडतो, पण त्याची सवय ट्रेकच्या आधी घरी करून घ्यावी लागते. पॅडच वापरायचं असेल तर घट्ट बसणाऱ्या चड्डीत, वेळच्या वेळी बदलून, आणि जिथे कड येते तिथे झिंकचं मलम लावून.

आणखी एक, आणि हे सगळ्यांसाठी आहे. निघायच्या आदल्या दिवशी जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नका. दोन दिवसांत खुंट उगवतात आणि तेच समोरच्या कातडीला खरवडतात. कात्रीने किंवा ट्रिमरने थोडे आखूड केले तर चालतात. मुळात तिथले केस घासणं थोडं कमीच करतात.

आमच्या गटात नव्याने येणाऱ्या मुलींना मी हे निघण्याआधीच सांगते. वाटेत विचारायला त्या संकोचतात, आणि कळतं तेव्हा कातडी गेलेली असते.

पायवाट

निशिगंधताई, खूप आभार. माझी बहीणही येतेय, तिला हे तसंच्या तसं पाठवतो.

आता दुसरा भाग. सोलवटल्यावर काय करायचं? कोणी स्पिरिट लावायला सांगतं, कोणी अँटिबायोटिक मलम, कोणी उघडं ठेवून खपली धरू द्या म्हणतं.

त्वचावैद्य

मी त्वचेचा डॉक्टर आहे आणि चालतोही भरपूर. क्रमाने सांगतो.

स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, न पातळ केलेलं जंतुनाशकही नको. उघड्या पडलेल्या कातडीत नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाच त्याने इजा होते. साधं पिण्यायोग्य पाणी भरपूर वापरा, हवा तर सौम्य साबण आजूबाजूला लावा आणि पूर्ण धुऊन काढा. घासू नका. स्वच्छ कापडाने टिपा आणि दहा-पंधरा मिनिटं वारा लागू द्या.

मग पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. अँटिबायोटिक मलमाची सहसा गरज नसते. १९९६ साली छोट्या शस्त्रक्रियांच्या ९२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम यांची तुलना केली होती. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि मलमाची अ‍ॅलर्जी आली ती बॅसिट्रॅसिनच्या गटात. निओमायसिन असलेल्या मलमांनाही अ‍ॅलर्जी येणारे बरेच लोक असतात, आणि आधीच सोललेल्या जांघेत अ‍ॅलर्जीचं पुरळ उठलं तर चालणं अशक्य होतं.

खपलीबद्दल : १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, वाळलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढते. जांघेत तर खपली टिकतही नाही. प्रत्येक पावलाला ती तडकते आणि पुन्हा रक्त येतं. म्हणून दिवसा मलम आणि वर न चिकटणारी जाळी किंवा पॅड, वरून घट्ट शॉर्ट. रात्री पाय मोकळे ठेवून, मलमाचा पातळ थर.

जागा सपाट असेल, म्हणजे कंबर, पाठीचा कणा, मांडीचा मधला भाग, तर हायड्रोकोलॉइडची, म्हणजे ओल शोषून जेलसारखी होणारी, पट्टी चांगली. ती लावायची तर आजूबाजूला मलम लागलेलं नको, नाहीतर धरणार नाही. लावण्याआधी अर्धा मिनिट तळहातात दाबून ऊब द्या, कोपरे गोल कापा म्हणजे उचकटत नाहीत. पट्टीखाली पांढरट गिचका जमतो, तो पू समजून घाबरू नका. आपणहून सुटेपर्यंत राहू द्या. ओढून काढलीत तर नवी कातडी तिच्याबरोबर येईल.

उघड्या जखमेवर थेट साधी चिकटपट्टी कधीही लावू नका.

आडवाट

चिकटपट्टी प्रतिबंधासाठी मात्र उपयोगी आहे, हे नोंदवतो. पुरुषांची स्तनाग्रं ओल्या शर्टाने घासून रक्त येतं, हे पळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. सॅक घेऊन पावसात दिवसभर चाललं तर आपल्यालाही होतं. निघतानाच कोरड्या कातडीवर छोटी गोल पट्टी लावून टाकतो. संध्याकाळी ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू काढायची.

डॉक्टर, पावडरीचं तुमचं मत काय?

त्वचावैद्य

आडवाट, काखेत, पावलांवर, कोरड्या हवेत वापरायला माझी फार हरकत नाही. पण टाल्कबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता' असलेल्या गटात टाकलं. म्हणून तंबूच्या बंद जागेत ती उडवू नका, आणि स्त्रियांनी जननेंद्रियांजवळ टाल्क वापरू नये असंच मी सांगतो. सोललेल्या कातडीवर कोणतीच पावडर नको.

हलकी_सॅक

सगळे जांघेबद्दल बोलताहेत, कंबरेबद्दलही बोलूया. सॅकच्या हिप बेल्टखाली, म्हणजे कंबरपट्ट्याखाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर लाल चट्टे पडतात आणि तिसऱ्या दिवशी बेल्ट आवळणं नकोसं होतं. मग लोक बेल्ट सैल करतात, सगळं वजन खांद्यावर येतं आणि खांदे काचायला लागतात.

बेल्टखाली काय काय येतं ते बोटांनी चाचपून बघा : पँटची जाड कंबर, नाडीची गाठ, चड्डीचं इलॅस्टिक, शर्टाची चुणी, कधी खिशातली किल्ली. प्रत्येक थर दाबाची एक रेघ उमटवतो. नाडीची गाठ बाजूला सरकवा, शर्ट ओढून सपाट करा आणि मगच बेल्ट आवळा. बेल्टची गादी कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी बसली पाहिजे. ती खाली घसरली की प्रत्येक पावलाला फिरते, आणि हे फिरणंच कातडी खाऊन टाकतं. बेल्टच्या आणि खांद्याच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूवरचं मीठही संध्याकाळी पुसा. तिथे कोणाचं लक्ष जात नाही.

मोकळं_रान

मागची फट राहिली. शौचानंतर फक्त कागदाने पुसून दिवसभर चाललं की तिथे हमखास आग होते. शक्य तिथे पाण्याने धुवा, टिपून अगदी कोरडं करा आणि मलम लावा. झाकणाला भोक पाडलेली छोटी बाटली त्यासाठी वेगळी ठेवा. हे एवढं केलं तरी बऱ्याच जणांचा अर्धा त्रास जाईल असं मला मनापासून वाटतं.

पायवाट

घाम कमी करणारी औषधं जांघेत लावली तर? आणि डॉक्टर, नुसतं काचलंय की नायटा झालाय हे कसं ओळखायचं?

त्वचावैद्य

घाम रोखणाऱ्या औषधांवर एक चांगला प्रयोग आहे, पण तो पावलांवरचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकी लष्करी छात्रांनी २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण चालीआधीच्या किमान तीन रात्री पायांना लावून २१ किलोमीटर चाल केली. नुसतं दिखाऊ द्रावण लावलेल्या गटात ४८ टक्के जणांना फोड आले, औषधाच्या गटात २१ टक्के जणांना. पण औषध लावलेल्यांपैकी ५७ टक्के जणांची कातडी चुरचुरली, दिखाऊ द्रावणाच्या गटात ६ टक्के. पावलांच्या जाड कातडीचं हे असेल तर जांघेत मी ते सुचवणार नाही.

काचलेली जागा घासण्याच्या रेषेवरच लाल असते, खाजण्यापेक्षा जळजळते, आणि घासणं थांबलं की दोन-चार दिवसांत निवळायला लागते. नायट्याची कड उठलेली, खवलेदार असते, तो गोलाकार पसरत जातो, मधला भाग फिका पडतो आणि खाज फार. घडीच्या तळाशी लालभडक, ओलसर चट्टा आणि त्याभोवती सुटे बारीक फोड असतील तर कँडिडा या यीस्टचा संशय घ्यावा. या दोन्हींना बुरशीविरोधी मलम लागतं.

एक कळकळीची विनंती : स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असलेलं मलम स्वतःच्या मनाने लावू नका. लाली लगेच कमी होते, म्हणून बरं वाटतं. आत नायटा पसरत राहतो, त्याचं मूळ रूप बदलतं आणि मग आम्हालाही तो ओळखणं अवघड जातं. शिवाय जांघेतली कातडी पातळ असते, स्टेरॉइडने तिथे कायमच्या रेघा पडू शकतात.

डोंगरमाथा

मी आधी एका ओळीत उत्तर दिलं होतं, पण एक गोष्ट लिहावीशी वाटते. मी गट घेऊन जातो. चुरचुर पहिल्यांदा जाणवते तेव्हा कातडी अजून शाबूत असते. त्याच वेळी थांबून पुसलं, कोरडं केलं, मलम लावलं, चड्डी नीट केली तर दहा मिनिटांत काम होतं. पण सगळे पुढे चाललेत, आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून माणूस दात-ओठ खाऊन चालत राहतो आणि मुक्कामापर्यंत सोलवटतो. पुढचे दिवस सगळ्या गटाचा वेग त्याच्यामुळे कमी होतो. म्हणून निघाल्यावर तासाभराने मी सगळ्यांना थांबवतो आणि कुठे काही काचतंय का असं सरळ विचारतो, मग पाच मिनिटं प्रत्येकाला आडोशाला जाऊ देतो. मलमाची डबी सॅकच्या तळाशी ठेवू नका, कंबरेच्या खिशात ठेवा. तळाशी असली की कोणी काढत नाही.

निशिगंध

हे गटप्रमुखानेच विचारणं फार महत्त्वाचं आहे, दादा. शक्य असेल तर मुलींना विचारायला एखादी मुलगी असू द्या.

पायवाट

शेवटचा प्रश्न. बाबाही येणार आहेत, त्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी काही वेगळं? आणि चाल सोडून परत फिरायचं कधी?

त्वचावैद्य

बाबांनी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटावं आणि साखर आटोक्यात आहे ना ते बघून घ्यावं. मधुमेहात जखम सावकाश भरते, जंतुसंसर्ग आणि कँडिडा लवकर होतो आणि संवेदना कमी झाल्या असतील तर चुरचुर जाणवतच नाही. त्यामुळे त्यांनी त्रास होण्याची वाट न बघता रोज संध्याकाळी विजेरीच्या उजेडात जांघा, पोटाखालची घडी, पावलं आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला दिसत नसेल तिथे तुम्ही बघा.

परत फिरायचं कधी, तर लाली काचलेल्या जागेच्या बाहेर पसरायला लागली तर. पेनाने कडेने रेघ ओढून ठेवा आणि काही तासांनी बघा. लाली रेघ ओलांडून गेली, जागा गरम आणि टणक लागली, पू किंवा दुर्गंधी आली, लाल रेषा वर चढताना दिसली, जांघेत गाठ दुखायला लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर कोणतंही मलम लावून बघत बसू नका. त्याच दिवशी खाली उतरून डॉक्टर गाठा. बाबांच्या बाबतीत यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका.